लोखंडाचा वैरी

आमचे सर नव्या माणसाला नाव विचारत नसत. "अंगावर लोखंड काय काय आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गाव कुठलं, घरी माणसं कोण, जेवलात का, हे सगळं नंतर. बहुतेकदा कधीच नाही.

मलाही तेच विचारलं. पेणपासून खाडीच्या बाजूला आमचं गाव. गावच्या मिठागरांना लागून दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने एक छोटं केंद्र काढलं होतं. तिथे झाडलोटीला आणि स्वयंपाकाला बाई पाहिजे असं कळलं, म्हणून गेले. बघते तर कुंपण बांबूचं आणि फाटकाला कडीऐवजी काथ्याची दोरी. आत एक उंच, वाळका माणूस वाकून जमिनीत काहीतरी शोधत होता. नाडीचा लेंगा, करवंटीची बटणं लावलेला सदरा, पायात रबरी चपला. मला वाटलं माळी असेल.

"सायेब कुठं हायत?" मी विचारलं.

"अंगावर लोखंड काय काय आहे?"

"लोखंड कशाला असंल? मी काय बैलगाडी हाय?"

त्याने कमरेची पितळी डबी काढली. तिच्यात होकायंत्राची सुई थरथरत होती. ती डबी पुढे धरून तो माझ्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. पदराची पिन निघाली. बांगड्यांत अडकवलेल्या पिना निघाल्या. अंबाड्यातले आकडे, कनवटीच्या चाव्या, आणि चपलेच्या टाचेतला एक खिळा, जो तिथे आहे हे मलाच माहीत नव्हतं. सगळं फाटकाबाहेरच्या टोपलीत गेलं. मग तो खाडीकडे तोंड करून म्हणाला, "क्षमा करा बाई, चोळीला हूक आहेत का?"

"हायत. पण ते मी फाटकात काढणार नाय."

"मग उद्या गाठीची चोळी घालून या. काम तुम्हाला दिलं."

"सासूनं पण मला इतकं तपासलं नव्हतं," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे होकायंत्र नसेल," तो म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. असे ते सर. त्यांना स्वतःला चेष्टा करता येत नसे, पण लोक हसले की त्यांना बरं वाटे. ते आता निवृत्त होऊन अमरावतीला बहिणीकडे असतात. लोक मला अजून विचारतात, त्या वेड्याकडे एवढी वर्षं कशी राहिलीस गो? पगार वेळेवर मिळत होता म्हणून राहिले, हे खरं. पण एक दिवस कंटाळा आला नाही, हेही खरं.

तिथे काम काय चालतं हे मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. मी चौथी शिकलेली. न कळणारी गोष्ट विचारायची मला लाज वाटत नाही.

"पृथ्वी हे एक मोठं लोहचुंबक आहे," सर म्हणाले. "त्याचा जोर आणि त्याची दिशा रोज थोडी थोडी हलते. किती हलली ते आपण मोजतो."

"हलली तर काय होतं?"

"आपल्याला? काही नाही."

"मग मोजता कशाला?"

सरांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मला वाटलं, रागावले. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते जन्मभर थांबले असावेत. सूर्य, त्यावरचे आगीचे लोळ, जहाजं, विमानं, ध्रुवावरचे रंगीत उजेड, जमिनीच्या पोटात उकळणारं लोखंड, एकामागून एक सुरू झालं. मधेच उठून त्यांनी माझ्या परातीतल्या पिठात पृथ्वी काढून दाखवली. चुलीवरचं वरण करपलं. मला त्यातलं निम्मं कळलं. पण पायाखाली इतक्या खोलवर लोखंड उकळतंय आणि त्याची चाहूल आमच्या खाजणातल्या झोपडीत लागते, हे ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. करपलेलं वरण दोघांनी खाल्लं. त्यांना चव कळली नाही.

केंद्रात दोन झोपड्या होत्या. सागाच्या फळ्या, बांबूच्या मेखा, खिळा लागलाच तर तांब्याचा. टोकाच्या बंद झोपडीत एक यंत्र रात्रंदिवस आपोआप नोंद करायचं. अलीकडच्या झोपडीत पांढऱ्या दगडाचा खांब होता, त्यावर दुर्बिणीसारखं पितळी यंत्र. तिथे माणसाने स्वतः डोळा लावून मोजायचं. दोन्ही झोपड्यांच्या आकड्यांत थोडा फरक पडायचा, कारण जागा दोन. पण तो फरक कायम तेवढाच राहायला हवा.

"फरक बदलला," सर सांगत, "की समजायचं, कोणीतरी लोखंड घेऊन आत आलं."

जागाही त्यांनी त्या हिशेबानेच निवडलेली. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही, म्हणून मिठागरात आमची अवजारं लाकडाची. मीठ ओढायची फळी लाकडाची, टोपल्या बांबूच्या. सरांना हे कळलं आणि त्यांनी नकाशावर इथेच बोट ठेवलं. मिठागरातल्या बायका दिसल्या की ते असे हात जोडत, जणू समोरून कीर्तनकार येतोय. बायकांना वाटे, याला चष्मा बदलायला पाहिजे.

सूर्यावर मोठा भडका उडाला की सरांचा दिवाळसण. हातातलं टाकून बांधावरून पळत यायचे, एक चप्पल मागे राहिलेली.

"बायांनो! सूर्याने परवा फेकलं होतं, ते आत्ता पोचलं!"

"काय फेकलं, सर?" पारू विचारायची. ही आमच्यातली सगळ्यांत फटकळ.

"विजेने भरलेल्या कणांचा लोट! पृथ्वीचं चुंबक हादरतंय! आत्ता, या क्षणाला!"

"पाऊस येल का?"

"नाही, पाऊस नाही."

"मीठ खराब व्हईल?"

"अजिबात नाही."

"मग हादरू दे. बाजूला व्हा, फळी लागंल पायाला."

सर बाजूला व्हायचे आणि तिथूनच पुढचं सांगायचे. हळूहळू उलटं झालं. सकाळी फाटकावरून जाताना बायकाच हाक मारू लागल्या, "सर, आज सूर्य कसा हाय?" सर हट्टी पोराबद्दल बोलावं तसं सांगत, "आज शांत आहे. पण मला त्याचा भरवसा नाही." पारूला तर इतकी सवय लागली, की नवऱ्याने आरडाओरडा केला तरी ती म्हणायची, "सूर्यानं फेकलं असंल काहीतरी."

छत्रीच्या काड्या लोखंडाच्या, म्हणून सर छत्री घेत नसत. गागोद्याच्या एका म्हाताऱ्याकडून पानांचं इरलं करून आणलं होतं. भर पावसात ते इरलं पाठीवर घेऊन पेणच्या बाजारात वांगी निवडायचे. लोक मोबाइलवर फोटो काढायचे. सर त्यांना सांगायचे, "मोबाइल लांब धरा, त्यात चुंबक असतं."

दाताचं प्रकरण तर रोह्यापर्यंत गेलं. पेणच्या डॉक्टरने दाढेवर धातूची टोपी बसवू म्हटलं. सरांनी विचारलं, कुठला धातू? डॉक्टर म्हणाला, चांगला धातू. सर तोंड उघडं ठेवूनच खुर्चीतून उठले. मग कोणीतरी सांगितलं, रोह्याला एक म्हातारे डॉक्टर आहेत, ते ऐकून घेतात. मला बरोबर नेलं, कारण भूल दिल्यावर कोणी लोखंडी टोपी बसवली तर बघायला माणूस पाहिजे. त्या डॉक्टरांनी खरोखरच सगळ्या टोप्या टेबलावर मांडल्या आणि सर एकेकीजवळ सुई धरत बसले. बाहेर गाल धरून माणसं ताटकळलेली. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुमचे कोण?"

"माझे सायेब. दाढ दुखतेय त्यांची. डोकं नाय, डोकं पयल्यापासून असंच हाय."

डॉक्टर इतके हसले की त्यांनाच खुर्चीत बसावं लागलं. सरांनी त्या वेळात टोपी निवडली.

आता सरपंचांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय सरांची गोष्ट होत नाही. अंगाने भरलेले, आवाज मोठा, कपडे कायम पांढरे आणि कडक. सरांचं आणि त्यांचं बारा महिने भांडण. सरांमुळे बांधावर ट्रक आणता येत नसे, पत्र्याची शेड टाकता येत नसे, केंद्राकडे जाणारी वाट चिखलाचीच राहिली होती. हमरापूरला गावच्या गणपतीची मूर्ती ठरवायला गेले तिथेही भांडण. देऊळ केंद्राजवळ, आणि मोठ्या मूर्तीच्या पोटात लोखंडी सळ्या असतात, म्हणून सरही बरोबर गेले. डबी घेऊन कारखान्यातल्या एकेका मूर्तीच्या पोटाला लावू लागले.

"सर, मूर्ती बघताय का चोर धरताय?" कारखानदाराने विचारलं.

"हिच्यात सळी आहे. हिच्यातही आहे."

"सळी लागतेच. नायतर हात गळून पडतील देवाचे."

"मग छोटी करा."

"छोटी?" सरपंच कडाडले. "बाजूच्या गावात मी तोंड काय दाखवू?"

शेवटी बांबूच्या सांगाड्यावर मूर्ती करायचं ठरलं. बांबू तासायला सर स्वतः बसले आणि त्यांच्या शेजारी सरपंचही बसले, कारण सरांना बांबू तासता येत नव्हता.

पण भांडण कितीही असलं, तरी सर गेलेले सरपंचांना परवडणार नव्हते. केंद्र होतं म्हणून आजूबाजूला लोखंडी बांधकामाला बंदी होती. गोदामवाल्यांचा आमच्या मिठागरांवर डोळा होता. ते बांधापर्यंत यायचे, बंदीचा फलक बघायचे आणि परत जायचे. तो फलकही लाकडाचा.

आणि मग दिल्लीहून फोन आला. रेल्वेच्या डोक्यावर विजेच्या तारा आल्या, कंपन्या वाढल्या, तर तुमची जागा अजून शुद्ध आहे का, हे बघायला एक मॅडम येतील. त्या स्वतः मोजतील. दोन झोपड्यांतला फरक पूर्वीइतकाच निघाला तर केंद्र राहील. बदललेला निघाला तर केंद्र बंद, यंत्रं पेटीत, आणि सरांना दिल्लीत एक टेबल.

"लोखंडी टेबल," सर म्हणाले आणि ताटावरून उठले.

सरपंच धावत आले. "सर, तुमी गेलात की गोदामं आली. मग आमी मीठ काय पत्र्यावर पिकवू? तुमी फक्त सांगा, गावानं काय करायचं."

"काही करू नका," सर म्हणाले. "फक्त लोखंड आणू नका."

मॅडमना घ्यायला सर आदल्या दिवशी पेणला गेले आणि तिथेच विश्रामगृहात राहिले. इकडे गाव कामाला लागलं. मी गावाला इतकं एकदिलाने काही करताना बघितलं नव्हतं. मांडव घातला तो बांबूचा, काथ्याने बांधलेला. घरोघरच्या बायकांनी पिना काढल्या. मोबाइल एका टोपलीत भरून देवळापलीकडे नेऊन ठेवले. कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे काढले. आणि दिल्लीची बाई चिखलातून कशी चालणार, म्हणून सरपंचांनी वाटेवर खडी टाकून घेतली. काळी, बारीक, छान. फाटकापासून खांबाच्या झोपडीच्या पायरीपर्यंत आणि त्या झोपडीभोवतीही. मला बघून बरं वाटलं. रोज चिखल धुवायची मीच होते.

सकाळी मॅडम आल्या. दिल्लीच्या, पण आई साताऱ्याची, त्यामुळे मराठी स्वच्छ. सर वाटेकडे बघून एवढंच म्हणाले, "हे कशाला केलंत?" आणि पुढे गेले, कारण त्यांचं लक्ष मॅडमच्या बुटांकडे होतं. बूट काढायला लावले. चष्मा बदलायला लावला. मग मला बाजूला घेऊन, खाडीकडे तोंड करून म्हणाले, "बाई, त्यांच्या आतल्या कपड्यांत तार वगैरे असते का, तेवढं जरा..."

मी जाऊन सरळ विचारलं. मॅडम खळखळून हसल्या. "मावशी, सरांना सांगा, मी याच धंद्यातली आहे. सगळं सुती घालून आले आहे."

त्या आत गेल्या. सर बाहेर अंगठ्याचं नख खात उभे. मांडवात सगळं गाव बसलेलं, लग्नाला बसावं तसं. बऱ्याच वेळाने मॅडम पायरीवर आल्या.

"सर, फरक बदललाय."

"पुन्हा मोजा."

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. सरांनी स्वतः आत जाऊन मोजलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्त नव्हतं.

"लोखंड आहे," ते ओरडले. "इथे कोणाकडे तरी लोखंड आहे!"

मग जे सुरू झालं ते सांगून खरं वाटणार नाही. अख्खं गाव रांगेत उभं आणि सर डबी घेऊन एकेकाला तपासत चाललेले. बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराचा पट्टा, म्हाताऱ्यांच्या काठ्या, पारूची नथ. सरपंचांच्या गळ्यातल्या सोन्याच्या साखळीशी डबी नेली आणि सुई टुणकन फिरली.

"काय ओ सरपंच," पारू म्हणाली, "सोनं खरं हाय ना?"

"फास्याची स्प्रिंग असंल गो! साखळी सोन्याचीच हाय!" सरपंचांनी साखळी काढून भिरकावलीच. हसू इतकं फुटलं की सरांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मॅडमनी पुन्हा मोजलं.

फरक तसाच.

सर वाटेवर मटकन खाली बसले. डबी मांडीशेजारी ठेवली. मी पाणी घेऊन गेले तर ते पाणी घेईनात. डबीकडे बघत होते. मग त्यांनी एक खडीचा तुकडा उचलला आणि सुईजवळ नेला. सुई हलली. दुसऱ्या बाजूने नेला. सुई वळून त्याच्यामागे आली.

"सरपंच," ते अगदी हळू म्हणाले, "ही खडी कुठली?"

सरपंच छाती पुढे काढून आले. "डोंगरातल्या खाणीची, सर. एक नंबर माल. आणि तुमची शपथ, लोखंडाचा कण लावला नाय. ट्रक लांब रस्त्यावर थांबवला. घमेलं नाय, फावडं नाय. बायांनी बांबूच्या टोपल्यांतून डोक्यावर वाहून आणली सगळी."

"सरपंच, हा काळा दगड कधीकाळी वितळलेला रस होता. तो थंड होताना त्यात पृथ्वीचं चुंबक गोठून बसलं. या दगडातच लोखंड आहे."

"दगडात?"

"दगडात."

सरपंच त्यांच्यासमोर, त्याच खडीवर, कडक पांढऱ्या धोतरासकट बसले. "म्हंजे मीच..." एवढं बोलून थांबले. मी त्या माणसाला वाक्य अर्धं सोडताना कधी ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, आता सर त्यांना फाडून खाणार. पण सरांचे डोळे चमकायला लागले होते. "म्हणजे जागा शुद्धच आहे!" ते उठले. "मी माणसं तपासत बसलो आणि पायाखाली बघितलं नाही! मॅडम, जागा शुद्ध आहे! खडीमुळे झालंय!"

मॅडमनी सूर्याकडे बघितलं. घड्याळ टोपलीत होतं. "सर, मला संध्याकाळी पनवेलला गाडी गाठायची आहे. तोपर्यंत वाट साफ झाली तर पुन्हा मोजते. नाही झाली, तर आज मिळालेले आकडेच मला लिहावे लागतील. मी खोटं लिहिणार नाही."

"लिहूच नका," सर म्हणाले. "खोटं लिहिलंत तर मीच तक्रार करीन."

घमेली आणि फावडी आणायची सोय नव्हती. ती लोखंडाची. पारूच आधी उठली. "ए गो, बसलात काय? फळ्या आणा!" बायका मिठागराकडे धावल्या. मीठ ओढायच्या लाकडी फळ्या खांद्यावर घेऊन परत आल्या आणि जशी मिठाची रास ओढतात तशी खडी ओढायला लागल्या. पुरुष टोपल्या भरत होते, डोक्यावर घेऊन बांधापलीकडे पळत होते. सरपंचांनी धोतर खोचलं आणि पहिली टोपली स्वतः उचलली.

"सरपंच, मतं मागतानाही एवढे वाकत नाय तुमी!" कोणीतरी ओरडलं.

"बोल, बोल. आज बोल. निवडणुकीला बघतो तुला."

"पळा, पोट सांभाळून!"

एवढा आरडाओरडा, एवढं हसू, आणि पोटात एवढी भीती, हे सगळं एका वेळी. वरची खडी निघाली, पण खालची चिखलात रुतून बसलेली. फळीला ती येईना. मग बायका उकिडव्या बसल्या आणि तांदूळ निवडावेत तशी खडी निवडू लागल्या. मीही चूल सोडून बसले. नखं फाटली. बोटं सोलली. हवालदार टोपी काढून बसला. मॅडम आधी उभ्या होत्या, मग त्यांनीही सलवार वर खोचली आणि पारूशेजारी बसल्या.

सर डबी घेऊन रांगत होते. कोपरापर्यंत चिखल. "इथे आहे! इथे अजून एक आहे! पायरीखाली! बाई, तुमच्या टाचेखाली!" प्रत्येक खडा मिळाला की असे ओरडत, की जणू मोती सापडला. मी त्यांना इतकं आनंदात पुन्हा कधी बघितलं नाही. केंद्र बंद व्हायच्या काठावर होतं आणि हा माणूस चिखलात रांगत खुशीत होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा सुई शांत झाली. सरांनी झोपडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. सुई जागची हलली नाही. "मॅडम," ते म्हणाले. मॅडमनी हात धुतले आणि आत गेल्या.

सगळे जिथे होते तिथेच चिखलात बसून राहिले. मांडवात कोणी गेलं नाही. खाडीवरचा वारा तेवढा वाजत होता. सरपंच डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

मॅडम दारात आल्या. "जुळलं."

जो आवाज उठला तो नक्की रोह्यापर्यंत गेला असेल. पण सर हात हलवून ओरडले, "थांबा! एकदा जुळणं म्हणजे योगायोगही असेल. पुन्हा मोजा."

"सर, सोडा ना आता!" सरपंच रडकुंडीला आले. "बाई जुळलं म्हणतेय!"

"पुन्हा मोजा, मॅडम."

मॅडम मुकाट्याने आत गेल्या. माझा तर संताप झाला होता. असा माणूस देवालाही म्हणेल, पुन्हा प्रसन्न होऊन दाखव.

मॅडम दुसऱ्यांदा बाहेर आल्या. "तेच आकडे, सर. फरक पूर्वीइतकाच. जागा शुद्ध आहे. केंद्र राहील, मी तसं लिहिते." मग सरपंचांकडे वळून म्हणाल्या, "आणि हेही लिहिते, की ही वाट मातीचीच राहील. कोणी कधीच पक्की करायची नाही."

सरपंचांनी कपाळावर हात मारला. त्यांचं कपाळही चिखलाने भरलं. "जन्म गेला सरकारकडं रस्ता मागण्यात. आणि सरकार लिहून काय देतंय, तर चिखल!"

मग मात्र कोणी कोणाला आवरलं नाही. पारूने मॅडमना मिठीच मारली. हवालदार नाचला. सरपंचांना लोकांनी उचलायचा प्रयत्न केला, ते उचलले गेले नाहीत.

गावात आता सांगतात की सर त्या वेळी ढसाढसा रडले. मी त्यांच्या सगळ्यांत जवळ होते. रडले नाहीत. ते झोपडीच्या पायरीला टेकून उभे होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते, हे कोणाचे हात आहेत असं. मग मला म्हणाले, "बाई, आता मी काय करू?"

"हात धुवा. जेवायला बसा. वरण-भात निवला कधीचा."

"आधी या सगळ्यांना वाढा."

"एवढ्यांना भात कुठला पुरतोय? चार माणसांचा टाकलाय."

"मग अजून टाका," सर म्हणाले. मी हलले नाही, कारण मला पाठ सरळ करता येत नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःच मोठं पितळी पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि भात शिजवायला तरातरा निघाले. खाडीच्या दिशेने. इतकी वर्षं जेवत होते, पण चूल कोणत्या बाजूला आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"सर," मी ओरडले, "इकडं!"